आबांचा हरवलेला नंबर

"मल्हार मोटर वायंडिंग, कळंब. बोला!"

पलीकडचा आवाज ऐकून मी नंबर पुन्हा तपासून पाहिला. कारण हा नंबर माझ्या वडिलांचा होता. म्हणजे... एकेकाळी होता. आबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे. फोन कुठल्याशा पिशवीच्या तळाशी पडून राहिला, रिचार्ज मारायचा राहिला, नंबर बंद झाला. पुढं आम्ही नवा घेतला आणि जुना विसरूनही गेलो. पण आईच्या आधारला अजून तोच जोडलेला होता. ते मला त्या दिवशी कळलं, तेरच्या स्टँडजवळच्या सेवा केंद्रात बसल्यावर.

आईच्या नावानं कडबाकुट्टी यंत्राच्या अनुदानाचा अर्ज भरायचा होता. केंद्र चालवणाऱ्या शिवगंगाताईंनी सगळं टाइप केलं, बटण दाबलं आणि माझ्याकडं पाहिलं. "ओटीपी गेलाय बघ मोनिका. सांग."

आमच्या घरातल्या एकाही मोबाईलवर काही वाजलं नव्हतं. तो गेला होता कळंबला, कुणा अनोळखी माणसाच्या खिशात.

"हे बघा..." मी जमेल तितकं गोड बोलले, "तुमच्या मोबाईलवर आत्ता एक मेसेज आला असंल. त्यातला आकडा तेवढा सांगता का?"

पलीकडून हसू आलं — मोकळं, खळखळून.

"ताई, बाकीचे आधी निदान बँकेतनं बोलतोय म्हणत्यात. तुम्ही डायरेक्ट मुद्द्यावरच आलात की!"

"मी फसवणारी न्हाय! तेरहून बोलायलेय. माझ्या आईचा अर्ज हाय."

"असं? तेरहून कळंबला यायचं तर गाडी कुठं बदलायची, सांगा."

"ढोकीत. आणि दुसरी गाडी येईस्तोवर माणूस म्हातारं होतं."

तो पुन्हा हसला. पण आकडा काही सांगितला नाही. "आईला घेऊन या. त्यांचं आधार दाखवा. समोर बसून देतो. चहा पण पाजतो."

"चहा नको," मी म्हणाले. "त्यात काय घातलेलं असंल, मला काय माहीत?"

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. रागानंच... दुसरं काय!

तुम्हाला वाटेल, एका यंत्रासाठी एवढा आटापिटा कशाला? आमच्या दारात दोन म्हशी. त्यांचा कडबा आई वर्षानुवर्षं हातानं तोडत आली होती, आणि तिचा उजवा खांदा आता कायमचा धरला होता. हात वर करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आबा मेंढरांमागं. म्हणजे कडबा तोडायला राहिले मी. मी फार्मसीचा डिप्लोमा केला होता आणि धाराशिवच्या एका औषध दुकानात मला नोकरी चालून आली होती. पण सकाळची गाडी निघायची त्या वेळी मी गोठ्यात असायची, विळा हातात, अंगभर कडब्याची कुसं. दुकानाच्या मालकांनी थोडे दिवस थांबतो म्हणून सांगितलं होतं. थोडे म्हणजे किती, ते मात्र सांगितलं नव्हतं.

म्हणून आम्ही कळंबला गेलो.

दुकान लहानसं होतं. दारात उघडून ठेवलेल्या पाणबुड्या मोटारी, तांब्याच्या तारेची वेटोळी, वार्निशचा उग्र वास. आणि त्या सगळ्यात बसलेला एक उंच, सावळा मुलगा, पाटीवरचा मल्हार तोच. हातांना काळं, पण शर्ट मात्र नुकताच बदलल्यासारखा पांढरा. मी लगेच मनात नोंद केली. आपण येणार म्हणून बदलला असेल का? पण का?

आई दारातच उभी राहिली. तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "आमच्या मालकाचा नंबर तुझ्याकडं कसा आला रे?"

"कंपनीनं दिला, मावशी. म्या मागितला नव्हता."

"मग परत दे."

"आता पाटीवर रंगवलाय की! चार गावांतली मोटार जळली की ह्याच नंबरवर फोन येतो." तो ओशाळून हसला आणि माझ्याकडं वळला. "आधार आणलंय?"

मी कार्ड दाखवलं, पण त्यातल्या आकड्यांवर अंगठा ठेवून. त्यानं ते पाहिलं. मग स्वतःचा मोबाईल माझ्यापुढं धरला, पण वरच्या मेसेजवर त्याचाही अंगठा! खालचा ओटीपी तेवढा दिसत होता. आमची नजरानजर झाली. दोघंही एकमेकांना चोर समजत होतो, आणि दोघांनाही हसू आवरत नव्हतं.

पोर्टल त्या दिवशी गोगलगायीसारखं चालत होतं. मी आकडा शिवगंगाताईंना फोनवर सांगेपर्यंत त्याची वेळ संपायची, मग नवा मागवायचा. शेवटी अर्ज गेला. तोवर आईनं चहा पिऊन टाकला होता.

"आता लगोलग नंबर बदलून घ्या," मल्हार म्हणाला.

"घेणारच हाय," मी म्हणाले.

पण ते सोपं नव्हतं. नंबर बदलायचा तर आईच्या बोटांचे ठसे लागत होते, आणि यंत्र ते घेईना. तेल लावलं, पुसलं, गरम पाण्यात बोटं बुडवली... कडबा तोडून तोडून त्या बोटांवरच्या रेषाच पुसून गेल्या होत्या. शिवगंगाताईंनी शेवटी मान हलवली.

म्हणजे अर्जाचं काहीही करायचं म्हटलं की पुन्हा त्यालाच फोन. सातबारावर आईचं नाव 'गजरा', आधारवर 'गजराबाई' — ते दुरुस्त करायचं, ओटीपी. जमिनीचा आठ-अ उतारा पोर्टलवर चढवायचा, ओटीपी. तोच कागद पुन्हा मागितला, पुन्हा ओटीपी.

"आज काय?" तो विचारायचा.

"बँकेच्या पासबुकाचा फोटो पुसट आलाय म्हणं."

"जेवलात का?"

"त्याचा ओटीपीशी काय संबंध?"

"उपाशी माणूस आकडे चुकीचे ऐकतंय."

"मग तुम्ही जेवलात का? चुकीचे सांगाल म्हणून विचारतेय..."

पलीकडं तो हसायचा, मागं मोटार घरघरायची, आणि मला उगाचच वाटायचं — पोर्टलनं अजून एखादा कागद मागावा.

"फुकट कोण कुणासाठी काय करतंय का?" शिवगंगाताई एकदा म्हणाल्या. "उद्या तुझ्या आईच्या नावावर कर्ज उचललं त्यानं, तर कळंल."

ते डोक्यात रुतून बसलं. खरंच, एवढं चांगलं कोण असतं? मी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. ताईंच्या मोबाईलवरून फोन लावला आणि आवाज जाड करून म्हणाले, "मी मोनिकाची मैत्रीण बोलायलेय. तिनं ओटीपी विचारायला सांगितलंय."

त्यानं मागची मोटार बंद केली. "मोनिकाला सांगा, ओटीपी कुणालाच देणार न्हाय. आणि तिला म्हणावं, सर्दी झालीय, आल्याचा चहा घे."

शिवगंगाताई तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. मी मात्र गोंधळले. परीक्षेत तो पास झाला होता, पण माझा आवाज इतका पाठ असायला हवा होता का त्याला?

एकदा ढोकीच्या स्टँडवर तो अचानक भेटला. मी मामाच्या गावाहून परत येत होते. त्यानं कुणाची तरी मोटार पोचवली होती. बाकड्यावर आमच्यामध्ये एका माणसाची जागा सोडून तो बसला आणि कागदाची पुडी उघडली. ज्वारीचा हुरडा, अजून कोमट.

मी हात पुढं केला नाही. त्यानं काही न बोलता पहिला घास स्वतः खाल्ला, जरा थांबला, मग पुडी माझ्याकडं सरकवली. "बघा, जिता हाय."

हुरड्याला त्याच्या हातांच्या वार्निशचा किंचित वास होता. तरी मी सगळा खाल्ला. गाडी आली तेव्हा मला पहिल्यांदाच वाटलं, एवढ्या लवकर कशी आली...

त्यानंतर पोर्टल गप्प झालं. आता फक्त सोडतीत नाव यायचं बाकी होतं. नाव आलं की मेसेज येणार आणि आठवड्याच्या आत शेवटचे कागद चढवायचे, असं शिवगंगाताई म्हणाल्या होत्या. मी मल्हारला दर दोन-चार दिवसांनी विचारायची, "आला का?"

"न्हाय अजून," तो म्हणायचा.

मग एका दुपारी शिवगंगाताईंनी मला हाक मारून बोलावलं. दुसऱ्या कुणाचं तरी नाव शोधताना त्यांना यादीत आईचं नाव दिसलं होतं. निवड झालेली! आणि पुढं लिहिलं होतं — मुदतीत कागदपत्रे न आल्याने रद्द.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मेसेज आलेला होता. कधीच आलेला होता.

कळंबपर्यंतच्या गाडीत मी काय काय विचार केले ते सांगत नाही. दुसऱ्या कुणाला पुढं घालायला आमचं नाव मागं पाडलं? पैसे घेतले? सगळे जुने फोन मी आठवून पाहिले, आणि प्रत्येक हसण्यामागं मला आता काही ना काही दिसायला लागलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यादेखतच विचारलं, "मेसेज आला होता का न्हाय?"

मल्हार उठला. त्याचा चेहराच उतरला. तो माझ्यासोबत बाहेर रस्त्यावर आला. फाल्गुनातलं अवकाळी आभाळ भरून आलं होतं. टपोरे थेंब धुळीत पडत होते आणि आम्ही दोघंही तसेच उभे.

"आला होता," तो म्हणाला.

"मग? मी विचारत होते तेव्हा न्हाय का म्हणालात?"

"मला वाटलं... दोन दिवसांनी सांगावं. मुदत हाय की अजून. मग म्हटलं, अजून दोन दिवस... आणि मुदत बघितली तेव्हा..."

"दोन दिवसांनी कशाला?"

तो माझ्याकडं बघत नव्हता. "ते कागद चढले की संपलं असतं. मग तुम्ही फोन कशाला केला असता?"

दुसरी कुठली वेळ असती तर या वाक्यावर माझं काळीज धडधडलं असतं. आताही धडधडलं, पण वेगळ्याच कारणानं.

"माझ्या आईला स्वतःची वेणी घालता येत न्हाय," मी म्हणाले. "हात वर जात न्हाय तिचा. रोज मी घालते. तुम्हाला माहीत हाय?"

त्यानं मान हलवली. नव्हतं माहीत.

"तुम्हाला माझा फोन पाहिजे होता. आणि मला एक यंत्र पाहिजे होतं... एवढंच!"

गाडीत बसल्या बसल्या मी त्याचा नंबर ब्लॉक केला. आबांचा नंबर. ब्लॉक करताना विचित्र वाटलं, पण केला. मला कुणावर विश्वास टाकायची घाई नव्हती तेच बरं होतं, असं मी स्वतःला सांगत राहिले. खिडकीतून पाऊस आत येत होता. काच मी लावली नाही.

पुढच्या आठवड्यात गावात दवंडी फिरली. कृषी खात्याचं शिबिर होतं, ग्रामपंचायतीसमोर. तालुक्याहून आलेल्या अधिकारी बाई माइक हातात घेऊन म्हणाल्या, "अनुदानाचे अर्ज सोपे करायचेत. तुम्हाला कुठं अडतं, ते मोकळेपणानं सांगा."

कुणीच बोललं नाही. मंडपात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. सरकार आपणहून विचारतंय म्हणजे यात काहीतरी असणार! आमच्या मागं कोंडीरामतात्या कुजबुजले, "तक्रार केली की आपलंच नाव लिहून न्यायचे." आई पदर घट्ट धरून बसली होती. मी उठायला पाय सरकवला, आणि पुन्हा मागं घेतला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "म्या सांगतो."

मी वळले नाही. वळायची गरजच नव्हती.

मल्हार पुढं आला. तोच पांढरा शर्ट, पण आता चुरगळलेला. "मी ह्या गावचा न्हाय, कळंबचा हाय," तो म्हणाला. "इथल्या एका मावशीच्या आधारला जो नंबर हाय, तो आता माझ्याकडं हाय. त्यांच्या बोटांचे ठसे उमटत न्हाईत म्हणून नंबर बदलत न्हाय. नंबर बदलत न्हाय म्हणून त्यांचा प्रत्येक मेसेज मला येतो, ह्या शिबिराचा पण मलाच आला. त्यांची निवड झाली, ते मला कळलं, त्यांना न्हाय. म्या सांगितलं न्हाय. अर्ज रद्द झाला. मॅडम, एका बाईचा अर्ज परक्या माणसाच्या खिशात राहतोय, हे बरोबर हाय का?"

मंडपात खळबळ उडाली. कोंडीरामतात्या ताडकन उठले. "आणि तू का न्हाय सांगितलंस रे?"

सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं. खरं कारण त्यानं इथं सांगितलं, तर उद्या गल्लीगल्लीत माझं नाव...

मल्हारची नजर मंडपावरून फिरली. माझ्याजवळ येऊन थांबली नाही, पुढं गेली.

"कामाच्या गडबडीत राहून गेलं," तो म्हणाला. "सीझन होता. चूक माझी हाय."

लोक त्याला बोलले. कुणी निष्काळजी म्हणालं, कुणी बेजबाबदार. तो खाली मान घालून ऐकत राहिला. तो खोटं बोलत होता, आणि ते फक्त मला माहीत होतं. आजवर त्याच्या प्रत्येक खऱ्या शब्दावर मी संशय घेतला होता. आणि आता हे एक खोटं ऐकून माझे डोळे भरून आले.

त्याच्यानंतर मग लोकांची भीडच मोडली. कुणी म्हणालं तोच सातबारा किती वेळा द्यायचा, कुणी म्हणालं नावातला एक काना चुकला की वर्ष जातं. बाई लिहून घेत राहिल्या. प्रत्येक योजनेला पुन्हा पुन्हा कागद नकोत, एकाच ओळख क्रमांकावर सगळं व्हावं, आणि निवडीची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावी, असं वर कळवते म्हणाल्या. मेसेज न मिळाल्यानं रद्द झालेले अर्ज त्या वेगळे काढून घेऊन गेल्या.

आईचा नंबर मात्र तिथंच बदलला. शिबिरातल्या यंत्रानं बोटं नाहीत, डोळे तपासले. "मावशी, डोळा मोठा करा, मिटू नका," तिथली मुलगी म्हणाली. आईनं असा काही डोळा वटारला की यंत्रानं पहिल्याच झटक्यात घेतलं.

आता तिच्या आधारला माझा नंबर होता. मी वळून पाहिलं. मल्हार निघून गेला होता.

अर्ज पुन्हा जिवंत झाला. या वेळी मेसेज माझ्याच मोबाईलवर वाजला, आणि कागद मी त्याच दिवशी चढवले. उन्हाळ्याच्या तोंडाला यंत्र दारात आलं. आईनं त्यात पहिली पेंढी सारली आणि कुट्टी भराभर बाहेर पडायला लागली, तेव्हा ती आधी दचकली, मग लहान पोरीसारखी हसली. मी सकाळची गाडी धरून धाराशिवला जायला लागले. सगळं मनासारखं झालं होतं.

आणि मल्हारला फोन करायला काहीच कारण उरलं नव्हतं. ब्लॉक मी केव्हाच काढला होता. त्याचा फोन आला नाही. माझा गेला नाही. औषधांच्या बाटल्यांवरच्या तारखा बघता बघता मध्येच हात थांबायचा...

एका रविवारी आई म्हणाली, "त्या मोटारवाल्याला बोलीव."

"कशाला?" मी एकदम वळले.

"शिबिरात तो खोटं बोलला. कामाच्या गडबडीतला माणूस आपली चूक सांगायला एवढ्या लांब येत न्हाय. खरं काय ते मला बघायचंय."

तो आला. आईनं त्याला ओसरीवर बसवलं आणि तासभर प्रश्न विचारले. घरी कोण, शेती किती, दारू पितोस का, देवाला जातोस का, मागं कुणाला फसवलंस का. प्रत्येक उत्तरावर ती "असं?" म्हणायची, आणि त्या "असं"मध्ये एवढा संशय भरलेला असायचा की मल्हारच्या कपाळावर घाम आला. शेवटी आई उठली. "मोनिका, त्याला स्टँडवर सोडून ये. रस्ता चुकंल तो."

तेरमध्ये स्टँडचा रस्ता कुणीही चुकत नाही.

आम्ही चालत राहिलो. तेरणेकडून येणारा वारा गरम होता. कडुलिंबाचा मोहर रस्त्यावर पडला होता, आणि तो पायाखाली येऊ नये म्हणून मल्हार उगाचच वळसा घेऊन चालत होता.

"त्या दिवशी गावासमोर खरं का न्हाय सांगितलं?" मी विचारलं.

"ते फक्त तुम्हालाच सांगायचं होतं. सांगून झालं होतं." तो थांबला. "आणि अजूनही तेच हाय. बदललेलं न्हाय. पण तुमचा माझ्यावर विश्वास न्हाय बसायचा... मला कळतंय ते."

स्टँडवर कुणी नव्हतं. सावलीत एक कुत्रं झोपलेलं. मी बाकड्यावर बसले, तोही बसला.

"न्हाय बसला," मी म्हणाले. "अजून तरी न्हाय."

त्यानं मान डोलावली, जसं काही मोटार जळालीच आहे म्हणून कुणी सांगितलं होतं.

"थोडा थोडा बसंल," मी त्याच्याकडं न बघता म्हणाले. "एकदम न्हाय. पण त्यासाठी... तुम्ही समोर पाहिजेत ना? येत जावं लागंल."

"कितीदा?"

"पूर्ण बसंपर्यंत."

"आणि पूर्ण बसल्यावर?"

"त्यानंतर कुठं जायची तुम्हाला परवानगीच न्हाय."

तेवढ्यात गाडी आली. धूळ उडवत थांबली. कंडक्टरनं आमच्याकडं पाहिलं, घंटी मारली, आणि गाडी निघून गेली.

मल्हार जागचा हलला नव्हता. त्याचा हात हळूच बाकड्यावर माझ्या हाताशेजारी आला, आणि या वेळी मध्ये जागा नव्हती.